पटकीचा आरोपी आणि पाण्याचा मालक

प्रेमचंदांची ‘ठाकुर का कुआँ’ ही १९३२ सालची कथा मी गेली सहा वर्षे कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला मराठी अनुवादातून शिकवतो आहे. कथा अवघी तीन-चार पानांची. जोखू आजारी आहे. घरातल्या पाण्याला घाण वास येतो. दूरच्या विहिरीत जनावर पडून मेले असावे असा अदमास. गंगी त्याला ते पाणी पिऊ देत नाही आणि रात्रीच्या अंधारात ठाकुराच्या विहिरीवर जाते. भरलेली घागर वर येते, तोच ठाकुराचे दार उघडते. हातातला दोर सुटतो, गंगी जीव घेऊन पळते. घरी येऊन बघते तर जोखू तेच घाण पाणी पितो आहे. ‘कफन’वरून दलित समीक्षेने प्रेमचंदांवर घेतलेले आक्षेप या वाचकांना माहीत आहेत, ते येथे उगाळत बसत नाही. या कथेची ताकद निर्विवाद आहे. म्हणूनच ओमप्रकाश वाल्मीकींना १९८१ साली हेच शीर्षक घेऊन कविता लिहावीशी वाटली आणि विहिरीच्या मालकीचा प्रश्न साऱ्या गावाच्या मालकीपर्यंत न्यावासा वाटला.

गेल्या वर्षी या कथेच्या तासाला एक मुलगी उठली. तिची आई गावात ‘आशाताई’ म्हणून काम करते. ती म्हणाली, “सर, गंगीला पाणी उकळायचं माहीत नव्हतं, हे लेखकानं सांगितलं. ठाकुराला काय माहीत नव्हतं, ते कुठं सांगितलंय?” मी पुस्तक उघडून पाहिले. गंगीला उकळण्याचा उपाय ठाऊक नसल्याचे निवेदक मध्येच खरोखर सांगून जातो. सहा वर्षे मी त्या ओळीवरून पुढे गेलो होतो. पुढच्या तासाला बोलू, असे म्हणून मी वेळ मारून नेली. जे बोलायचे राहिले ते येथे मांडतो आहे.

ही ओळ कथेत काय करते? गंगीचे अज्ञान दाखवून तिची लाचारी अधिक गडद करते, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण त्याच वेळी कथेत एक परका आवाज शिरतो. हा आवाज आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकाचा आहे. क्षणभर वाचकाला वाटते, अरेरे, एवढे साधे ज्ञान असते तर! आणि त्या क्षणापुरता ठाकूर कथेतून बाहेर पडतो. जनावर कुजलेले पाणी उकळले तर जंतू मरतील, पण वास आणि कुजकेपण जाणार नाही, हे निवेदकाला सुचत नाही. रोज घागरभर पाणी उकळायला जळण लागते आणि ते जळणही कोणाच्या तरी बांधावरूनच आणावे लागते, हेही त्याला सुचत नाही. प्रेमचंदांसारख्या करुणेने भरलेल्या लेखकाच्या हातूनही कारणाचे बोट मालकाकडून तहानलेल्याकडे वळते. ते कसे वळते, हा माझ्या मते केवळ साहित्याचा प्रश्न नाही. सार्वजनिक आरोग्य नावाच्या शास्त्राची भाषा पुष्कळदा याच वळणाने चालते, आणि पटकीइतका तिचा दुसरा चांगला नमुना नाही.

जोखूला पटकी झाली होती असे कथेत म्हटलेले नाही. रोगाचे नावच दिलेले नाही. मी पटकी घेतो ती या रोगाचा पाण्याशी असलेला संबंध उघडा आहे म्हणून. पटकीचा जंतू रोग्याच्या विष्ठेतून पाण्यात उतरतो आणि पाण्यातून पुढच्या माणसाच्या पोटात जातो. धडधाकट माणूस काही तासांत कोरडा पडतो. उपचार न मिळाल्यास गंभीर रोग्यांपैकी निम्मे दगावू शकतात. वेळेवर मिळाल्यास शंभरात एकही दगावू नये. एवढा जीवघेणा आणि एवढा सहज बरा होणारा रोग विरळा. म्हणजे पटकीने माणूस मरतो तेव्हा बहुतेक वेळा तो दोनदा नाकारला गेलेला असतो. आधी त्याला स्वच्छ पाणी नाकारलेले असते, मग वेळेवरचा उपचार.

‘विकसनशील देशांचा रोग’ असे हल्ली पटकीला म्हणतात. या विशेषणाने मोठी फसवणूक होते. जणू काही देश वयात आला की हा रोग गोवर-कांजिण्यांसारखा आपोआप मागे पडतो! १८९२ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात पटकीने साडेआठ हजारांवर माणसे मेली. शेजारचे आल्टोना शहर त्याच एल्ब नदीचे पाणी पीत होते, पण वाळूतून गाळून. दोन शहरांच्या सीमेवर एकाच रस्त्याच्या एका बाजूला पटकी होती आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नव्हती. हॅम्बुर्ग गरीब नव्हते. युरोपातले श्रीमंत बंदर होते. गाळणीच्या खर्चावरून तिथल्या व्यापारी कारभाऱ्यांनी वर्षानुवर्षे चालढकल केली होती. आणि साथ आल्यावर बोटे कोणाकडे गेली? अमेरिकेला जाण्यासाठी बंदरावर थांबलेल्या रशियन ज्यू निर्वासितांकडे. युरोपातून पटकी हटली ती लोकांना उकळण्याचे व्याख्यान देऊन नव्हे. पाणी गाळणारी केंद्रे आणि भुयारी गटारे बांधून हटली, आणि त्याचे पैसे नगरपालिकांनी मोजले.

आता हैतीकडे वळतो. आपल्या चळवळीने अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्याशी नाते सांगितले, ‘पँथर’ हे नाव तिथून उचलले. पण गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वतःचे राष्ट्र उभारले त्या हैतीचे नाव आपल्या लेखनात क्वचितच येते. या बंडाची किंमत म्हणून १८२५ साली फ्रान्सने या देशाकडून १५ कोटी फ्रँक मागितले. गुलामांनी आपल्याच मुक्तीचे पैसे आपल्या मालकांना पिढ्यान्‌पिढ्या फेडले. पाणीपुरवठा उभारायचा पैसा या देशाकडे का नव्हता, याचे उत्तर तिथून सुरू होते. ते तिथे संपतही नाही. १९९८ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेने हैतीला पाण्यासाठी कर्ज मंजूर केले होते. नंतर अमेरिकेच्या सरकारने राजकीय कारणांसाठी ते अडवून धरले. ज्या गावांच्या नळांसाठी ते होते त्यांत पोर-द-पे हे शहर होते.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत प्रचंड भूकंप झाला. ऑक्टोबरमध्ये पटकी आली. त्याआधी किमान शतकभर तिथे पटकीची नोंद नव्हती. डॉक्टरांनी ती डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. साथीची सुरुवात राजधानीतल्या भूकंपग्रस्तांच्या तंबूंतून झाली नाही. ती आर्तिबोनीत नदीच्या वरच्या अंगाला मिरबाले गावाजवळ झाली. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची छावणी होती. छावणीतली विष्ठा लगतच्या ओढ्यात उतरत होती, ओढा नदीला मिळत होता, आणि नदीकाठची भातखाचरातली माणसे नदीचेच पाणी पीत होती. गावकऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात छावणीकडे बोट दाखवले. रनो पियारू या फ्रेंच साथरोगतज्ज्ञाने महिन्याभरात तेच सांगितले. छावणीत नुकतीच नेपाळहून आलेली तुकडी होती आणि पुढे जंतूंच्या जनुकांची तुलना झाली तेव्हा हैतीतला जंतू नेपाळातल्या जंतूशी जुळला. २०१९ पर्यंत आठ लाखांवर लोक आजारी पडले आणि नोंदले गेलेले मृत्यूच दहा हजारांच्या घरात गेले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आपणही त्याच खड्ड्यात पडू. नेपाळी जवान हा या प्रकरणातला आरोपी नाही. तोही कुठल्यातरी डोंगरातल्या गावातून पगारासाठी आलेला माणूस होता आणि आपल्या पोटात जंतू आहे हे त्याला ठाऊकही नसेल. त्याची तपासणी न करता त्याला पाठवणारे, आणि त्याच्या छावणीचा मैला कुठे जातो हे न बघणारे वेगळे होते. पण हैतीत बळी कोणाचा गेला? २०१० च्या अखेरीपर्यंत जमावांनी किमान ४५ माणसांना, त्यांत बहुतेक वूडू धर्माचे पुजारी, पटकी पसरवल्याच्या आरोपावरून ठार मारले. पाण्यात विष कालवले, भुकटी टाकली, असे आरोप होते. ज्याला कोणी वाली नाही त्यालाच साथीचा करता ठरवायचे, ही चाल आपल्या गावगाड्याला अनोळखी नाही.

संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाचा अहवाल २०११ च्या मे महिन्यात आला. त्याची भाषा साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. नदीत मानवी विष्ठा मिसळून साथ आली हे अहवाल मान्य करतो. छावणीची स्वच्छता अपुरी होती हेही लिहितो. पण निष्कर्षाला आला की वाक्यातला कर्ता नाहीसा होतो. अनेक परिस्थिती एकत्र आल्या, लोक नदीचे पाणी पीत होते, पोहत होते, त्यांच्यात प्रतिकारशक्ती नव्हती, शौचालये नव्हती. तेव्हा हा कुणा व्यक्तीचा वा गटाचा दोष नव्हे, असा त्याचा आशय. गंगीच्या अज्ञानाची ओळ येथे पुन्हा भेटते. पाणी पिणाऱ्याच्या उणिवांची यादी सविस्तर दिली आहे. घाण सोडणारा मात्र कर्मणी प्रयोगात लपला आहे. पुढे या मंडळातल्याच तज्ज्ञांनी पुरावा छावणीकडेच सर्वांत अधिक जातो असे लिहिले, पण तोवर अहवालाने आपले काम केले होते.

२०११ च्या नोव्हेंबरात पाच हजार रोग्यांच्या आणि मृतांच्या नातलगांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दावा गेला. २०१३ च्या फेब्रुवारीत उत्तर आले की हा दावा दाखल करून घेण्याजोगा नाही. दावा खोटा आहे असे उत्तर नव्हते. दाखलच होत नाही, एवढेच. पोलीस ठाण्यात अॅट्रॉसिटीची फिर्याद घेऊन गेलेल्या कोणालाही या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयानेही २०१५ मध्ये, आणि वरच्या न्यायालयाने २०१६ मध्ये, संयुक्त राष्ट्रांना कायद्याने संरक्षण आहे म्हणून खटला काढून टाकला. त्याच वर्षी फिलिप आल्स्टन या संयुक्त राष्ट्रांच्याच विशेष अभ्यासकाने या भूमिकेचे वाभाडे काढले. डिसेंबर २०१६ मध्ये महासचिव बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. माफी कशाची? साथीबाबत आणि तिच्या फैलावाबाबत आम्ही पुरेसे केले नाही, याची. साथ आम्ही आणली, हे वाक्य त्यात नव्हते. चाळीस कोटी डॉलरची योजना जाहीर झाली, तिच्यासाठी देशांनी स्वेच्छेने पैसे द्यायचे होते, आणि त्यांतला अगदी थोडा भाग जमा झाला.

हे सारे वाचताना मला महाड आठवले, आणि ते ओढूनताणून आठवले असे मला वाटत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सवर्णांनी तळे शुद्ध केले. कसे? १०८ घागरी पाणी काढून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून, मंत्र म्हणून ते तळ्यात परत सोडले. या घटनेवर आपण पुष्कळ लिहिले आहे, पण पटकीच्या इतिहासात ठेवून ती पाहिलेली नाही. लंडनमध्ये जॉन स्नोने ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढायला लावला १८५४ साली. रॉबर्ट कॉखने कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला १८८४ साली. त्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी महाडमध्ये शिकलेसवरलेले लोक पिण्याच्या तळ्यात शेण कालवून त्याला शुद्धी म्हणत होते. अज्ञानी कोण होते? पण कुठल्याही आरोग्यपुस्तिकेत त्या लोकांच्या अज्ञानावर एक ओळ सापडणार नाही. सोवळे आणि स्वच्छता या दोन अगदी उलट गोष्टी आहेत. सोवळे माणसाला घाण ठरवते आणि पाण्याकडे बघत नाही. तळ्यावरचा हक्क न्यायालयातून कायम व्हायला १९३७ साल उजाडावे लागले.

आपल्या बाजूलाही काही बघायचे आहे. माझ्या आजीच्या तोंडी पटकीला ‘वाखा’ हा शब्द होता. तिच्या आठवणीत मरीआईचा गाडा होता. गावावर रोग आला की तो गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा, पुढच्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर ढकलायचा. मरीआईचे ठाणे आमच्या वस्तीच्या कडेला, आणि अंगावर आसूड ओढणारा पोतराजही आमच्यातलाच. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये वस्तीतल्या या देवभोळेपणाचे जे उघडे चित्र काढले ते फार आवश्यक होते, धम्मदीक्षेनंतर आमच्या घरातून मरीआई गेली याचा मला अभिमान आहे. पण रोग पुढच्या गावावर ढकलणारा तो गाडा आणि हैतीचा अहवाल यांत मला फारसा फरक दिसत नाही.

या इतिहासात एक पान मात्र मला वेगळे वाटते, आणि त्यावर जरा थांबतो. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी उसळली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत भरून घेतल्या. त्या पाण्यात विरघळवून पिंपांत भरल्या, आणि पिंपाची तोटी रोग्यांच्या नातलगांच्या स्वाधीन केली. आई मुलाला पाजत होती, नवरा बायकोला पाजत होता. मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होते ते ३.६ टक्क्यांवर आले. लहान आतडे ग्लुकोजबरोबर मीठ आणि पाणी ओढून घेते, पटकीतही ओढून घेते, हे शास्त्र आधीच माहीत होते. पण डॉक्टर-परिचारिकेविना, अडाणी समजल्या गेलेल्या माणसांच्या हाती ते सोपवता येईल यावर वैद्यकाचा विश्वास नव्हता. तो विश्वास महालनोबीस यांनी दाखवला. आरोग्याच्या ज्या इतिहासात गरीब माणूस एकतर रोगी असतो नाहीतर आरोपी, त्यात तो येथे उपचार करणारा झाला. महालनोबीस २०२२ साली वारले. पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळाले.

आणि तरीही या पुडीचे पुढे काय झाले तेही बघावे लागते. पुडी स्वस्त आहे, नळ महाग आहे. पुडी वाटल्याचा आकडा महिन्याला कळवता येतो. माणसे मरेनाशी झाली की पाण्याची घाई कोणाला राहत नाही. लशीचेही तेच. तोंडाने घ्यायच्या लशीचा जागतिक साठा २०१३ साली सुरू झाला आणि २०२२ च्या ऑक्टोबरात इतका आटला की दोनऐवजी एकच मात्रा देण्याचा निर्णय घ्यावा लागला. त्याच महिन्यात, साडेतीन वर्षांहून अधिक काळ शांत राहिलेल्या हैतीत पटकी पुन्हा उठली. जंतू २०१० च्याच घराण्यातला होता. लस आणि पुडी यांना माझा विरोध नाही; मूर्खच विरोध करील. विरोध आहे तो त्यांना पाण्याच्या जागी बसवण्याला.

हे मी दुरून बोलतो आहे असे नाही. चार वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर घेऊन मी एका वस्तीवर गेलो होतो. हात कसे धुवावेत, पाणी वीस मिनिटे उकळावे, असे मी सांगत होतो. पहिल्या पिढीतला पदवीधर असल्याने माझ्या बोलण्याला धार असते, असा माझा समज आहे. एक म्हातारी म्हणाली, “मास्तर, सरपण तुम्ही धाडता का?” पोरे हसली, मीही हसलो आणि पुढचा मुद्दा घेतला. निवेदकाची ती ओळ त्या दिवशी मीच बोललो होतो.

आमच्या वस्तीत तीन पावसाळ्यांपूर्वी जुलाब-उलट्यांची साथ आली. वर्तमानपत्रात ‘गॅस्ट्रो’ असे आले. पटकी हा शब्द कोणी उच्चारत नाही, त्याने कारभाऱ्यांना त्रास होतो. पाइपलाइन गावातून येते, आमच्याकडे पोचते ती शेवटी, आणि पोचण्याआधी सांडपाण्याच्या चरीतून जाते. जोडावर तिला भेग होती. टीसीएल पावडर टाकली गेली ती गावातल्या टाकीत. पाहणीला आलेल्या साहेबांनी माझ्या आईला विचारले, भांडी झाकून ठेवता का? आईने झाकलेली भांडी दाखवली. जोडाकडे कोणी गेले नाही. आम्ही बारा घरांनी सह्या करून पाइप चरीबाहेरून नेण्याचा अर्ज दिला. अर्ज घेणाऱ्याने तो वाचला, टेबलावर ठेवला आणि पोच द्यायचा शिक्का सापडत नाही म्हणाला.

या वर्षी ती मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला कथा शिकवायची वेळ आली तेव्हा मी तिला बोलावले आणि तिचा प्रश्न तिलाच फळ्यावर लिहायला सांगितले. मुलांनी ठाकुराला काय माहीत नव्हते याची यादी करायला घेतली. तास संपला तेव्हा फळा भरला होता आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणत होता, “सर, त्याला सगळं माहीत होतं.” त्यावरून जी बाचाबाची सुरू झाली ती पुढच्या तासाच्या प्राध्यापकांना येऊन थांबवावी लागली.